मातीचा किल्ला आणि शत्रूची जागा

दिवाळी चार-आठ दिवसांवर आली, की आमच्या कसबा बावड्यात गल्लीगल्लीतून किल्ले उभे राहू लागतात. दगड-विटांचा सांगाडा, त्यावर जुने बारदान, बारदानावर मळलेली तांबडी माती, उतारावर पेरलेले हळीव, चुन्याने आखलेली वाट आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. कुंभाराकडून आणलेले मावळे तटावर जागोजाग उभे राहतात. तोफा असतात, दरवाजा असतो, पाण्याचे टाके असते. क्वचित एखादा वाघही असतो, तो कशासाठी हे कोणी विचारू नये. गेल्या वर्षी असा एक किल्ला आमच्या अंगणात पुरा झाला आणि धाकट्या नातवाने हात धुता धुता विचारले, “आबा, शत्रू कुठं ठेवायचा?”

थोरल्याने त्याला वेड्यात काढले. किल्ल्यात शत्रू ठेवीत नसतात, असे त्याचे म्हणणे. धाकटा मात्र हटेना. शत्रूच नाही, तर हे सगळे मावळे बघताहेत कुणाकडं? माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. फराळाला बसल्यावर मात्र ध्यानात आले, की युद्धावर ग्रंथ लिहिणाऱ्या मोठमोठ्या पंडितांनाही हा प्रश्न पडलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ब्यूलो नावाचा एक प्रशियन लेखक होऊन गेला. सैन्याचा तळ, त्याचे लक्ष्य आणि ह्या दोहोंमधील कोन मोजून विजयाचे गणित मांडता येते, असा त्याचा दावा होता. कागदावर त्याचा किल्लाही आमच्या अंगणातल्या किल्ल्यासारखाच पुरा झालेला होता. उणीव होती ती एवढीच, की दुसऱ्या बाजूलाही एक माणूस उभा आहे आणि तोही आपल्यासारखाच विचार करतो आहे, ह्याची त्यात नोंद नव्हती.

ही नोंद ज्याने ठसठशीतपणे केली तो कार्ल फॉन क्लाउझेविट्झ. त्याच्याविषयी आणि त्याच्या निमित्ताने आपल्याच एका जुन्या ग्रंथाविषयी चार शब्द लिहावेत, असे त्या दिवसापासून मनात आहे. विषय जड आहे हे मान्य. पण युद्धात माणूस स्वतंत्र असतो की परतंत्र, हा प्रश्न केवळ सेनापतींचा नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यात अशी गावे थोडी नाहीत, जिथे फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस गल्लीआड सापडतो.

आधी त्या आपल्या ग्रंथाकडे वळतो, म्हणजे मग परदेशी जाऊन परत येताना वाट चुकणार नाही. लहानपणी शाळेत ‘रामचंद्रपंत अमात्य बावडेकर’ हे नाव आले, तेव्हा आम्हां मुलांची छाती फुगली होती. बावडेकर म्हणजे आमच्याच बावड्याचे, ह्यात आम्हांला शंका नव्हती. पुढे कळले, की ते बावडा म्हणजे घाटमाथ्यावरचे गगनबावडा. आमच्या कसब्याशी त्याचा संबंध नावापुरताच. आमच्या गावाचा मान वेगळा. लक्ष्मीविलास राजवाड्यात 1874 साली राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म झाला तो ह्या गावी. अमात्य आपले नव्हेत ह्याचे दुःख मला फार दिवस होते. तरी पंचगंगेच्या काठाने वायव्येकडे पाहिले, की पन्हाळ्याची कड दिसते, आणि त्या गडावर अमात्यांची समाधी आहे. तेवढा शेजार पुरेसा आहे.

रामचंद्रपंतांनी 1715 च्या सुमारास, कोल्हापूरचे छत्रपती संभाजी ह्यांच्यासाठी, ‘आज्ञापत्र’ लिहिले. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत बसलेला हा माणूस. थोरले महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई आणि आता कोल्हापूरचे संभाजी, एवढ्या कारकिर्दी त्याने पाहिल्या. लिहायला बसला तेव्हा त्याच्या मागे चाळीसहून अधिक वर्षांचा कारभार होता, आणि त्यांतील बरीच वर्षे युद्धाची. आपल्याकडे ह्या ग्रंथाचे दोन प्रकारे कौतुक होते. एक, ही राजनीतीची संहिता, हिच्यातले नियम पाळावेत म्हणजे राज्य चालते. दुसरे, हे आपले अर्थशास्त्र, हा आपला मॅकियाव्हेली. दोन्ही कौतुकांनी ग्रंथाची हानी केली आहे, असे माझे मत आहे. पहिल्याने त्याला पाठ्यपुस्तक केले, दुसऱ्याने त्याच्या गळ्यात उसने पदक घातले. मला तो वाटतो एका अशा माणसाचा ग्रंथ, ज्याने युद्ध जिंकले आणि जिंकण्यासाठी वापरलेल्या साधनांनीच जिंकलेले हातचे जाताना पाहिले. हे जे उलटणे आहे, त्याचा विचार करण्याची रीत युरोपात त्याच्यानंतर शंभर वर्षांनी तयार झाली.

ती रीत म्हणजे विरोधविकास. नाव अवघड आहे, गोष्ट तितकी नाही. कोणतीही वस्तू तिच्या विरोधी गोष्टीशी झगडत, तिच्यामुळेच घडत पुढे जाते, आणि पुष्कळदा स्वतःच्याच टोकाला पोचली की उलटते, असा हा विचार. ह्या विचाराचा युरोपातील महंत हेगेल आणि युद्धाचा विचारवंत क्लाउझेविट्झ ह्यांची आयुष्ये एकमेकांजवळून ज्या प्रकारे गेली, ते एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर आपण विश्वास ठेवला नसता. 1806 च्या ऑक्टोबरात नेपोलियनने येना शहरात प्रवेश केला, तेव्हा हेगेल तेथे आपला मोठा ग्रंथ संपवीत होता. घोड्यावरून जाणाऱ्या त्या बादशहाला त्याने पाहिले आणि सगळ्या जगाचा आत्माच जणू खोगिरावर बसून चालला आहे, अशा आशयाचे मित्राला लिहिले. दुसऱ्याच दिवशी, 14 ऑक्टोबरला, त्याच बादशहाच्या फौजांपुढे प्रशियन सैन्य उधळले गेले. त्या पराभूत सैन्यात सव्वीस वर्षांचा क्लाउझेविट्झ होता. तो पुढे पकडला गेला आणि फ्रान्समध्ये कैदेत राहिला. एकाने इतिहास खिडकीतून पाहिला, दुसऱ्याने चिखलातून. पुढे 1818 साली दोघेही बर्लिनमध्ये आले. हेगेल विद्यापीठात, क्लाउझेविट्झ युद्धविद्यालयाचा संचालक म्हणून. आणि 1831 च्या नोव्हेंबरात, पटकीच्या साथीच्या त्या वर्षी, 14 तारखेला हेगेल वारला, 16 तारखेला क्लाउझेविट्झ. क्लाउझेविट्झचा ‘युद्धाविषयी’ हा ग्रंथ अपुराच राहिला होता. तो 1832 पासून त्याच्या पत्नीने, मारीने, प्रसिद्ध केला. त्यातला पहिल्या भागाचा पहिला अध्यायच काय तो पुरा झाला असे तो स्वतः मानीत होता.

एवढ्या योगायोगांवरून क्लाउझेविट्झ हा हेगेलचा शिष्य होता, असे ठरवून टाकण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला तो पटत नाही. हेगेलच्या विचारात विरोध शेवटी एका वरच्या पायरीवर मिटतात. भांडण होते, पण घराणे मोठे होते. क्लाउझेविट्झच्या ग्रंथात जोड्या पुष्कळ आहेत: चढाई आणि बचाव, साध्य आणि साधन, कल्पनेतले निर्भेळ युद्ध आणि प्रत्यक्षातले अडखळणारे युद्ध. पण त्या मिटत नाहीत. तो त्यांना ताणून धरतो आणि सेनापतीला म्हणतो, की हा ताण तुलाच सोसायचा आहे, माझे पुस्तक तो सोडवणार नाही. युद्धात तीन शक्ती एकाच वेळी ओढ घेत असतात असे त्याने सांगितले आहे: लोकांच्या मनातला द्वेष आणि आवेश, रणांगणावरील संभव-असंभवाचा खेळ, आणि राज्यकर्त्यांची बुद्धी. सिद्धांताने ह्या तिघींच्या मध्ये, कुठेच न चिकटता, तरंगत राहिले पाहिजे. हे तरंगणे हेगेलला आवडले नसते.

आणि स्वातंत्र्य? ते नेमके इथेच आहे. पण हे समजून सांगायला मला बर्लिनपेक्षा आमच्या शिवारातले गुऱ्हाळ जवळचे वाटते. काहिलीत रस उकळत असतो. मळी काढून झालेली असते, भेंडीचे पाणी घालून झालेले असते, खाली चुलवाणात जाळ ढणढणत असतो. गुळव्या काठाशी उभा. पाक झाला की नाही हे तो कोणत्याही यंत्राने मोजत नाही. थोडा पाक पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करून पाहतो, बुडबुड्यांकडे नजर टाकतो आणि एका क्षणी हात वर करतो. काहील उतरलीच पाहिजे. चार पळे आधी उतरली तर गूळ बसत नाही, चार पळे उशीर झाला तर करपतो. त्या क्षणी गुळव्या स्वतंत्र आहे की बांधलेला? मनाला येईल तेव्हा काहील उतरवण्याची त्याला मोकळीक नाही. तरी निर्णय त्याचा आणि त्याचाच आहे. तो दुसऱ्या कुणाला, किंवा पुस्तकाला, घेता येत नाही. एंगेल्सने 1878 च्या आपल्या ग्रंथात, हेगेलच्या आधाराने, स्वातंत्र्य म्हणजे अपरिहार्यता ओळखणे असे म्हटले. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते: नुसते ओळखणे नव्हे, वेळेवर ओळखणे. क्लाउझेविट्झने सेनापतीच्या अंगच्या ज्या गुणाची थोरवी गायिली आहे, तो हाच. धूर आणि गोंधळ ह्यांतून क्षणात खरे ते टिपणारी नजर. सिद्धांताने त्याच्या मते मन तयार करावे, रणांगणापर्यंत बोट धरून जाऊ नये.

अर्थात उपमा इथे लंगडी पडते. उसाचा रस गुळव्याविरुद्ध कट करीत नाही. शत्रू करतो. तुमचा क्षण कोणता हे ओळखून तो नेमका तोच क्षण नासवायला बसलेला असतो. धाकट्याचा प्रश्न हाच होता.

जाता जाता आणखी एक. एंगेल्सला युद्धशास्त्राचे विलक्षण वेड होते. मित्रमंडळींत त्याला ‘जनरल’च म्हणत. 1858 च्या जानेवारीत त्याने मार्क्सला क्लाउझेविट्झची एक तुलना कौतुकाने कळवली: व्यापारात रोख चुकते करण्याला जे स्थान, तेच युद्धात प्रत्यक्ष लढाईला, ती क्वचित होवो, पण सगळा व्यवहार तिच्या भरवशावर चालतो. शाहूपुरीच्या गूळबाजारात ज्याने उधारीच्या वह्या पाहिल्या आहेत, त्याला हे फोड करून सांगायला नको. पुढे 1914-15 साली स्वित्झर्लंडमध्ये असताना लेनिनने आधी हेगेल आणि मग क्लाउझेविट्झ काढून वाचला, टिपणांच्या वह्या भरल्या. जर्मन सेनापतीचे पुस्तक क्रांतिकारकांच्या हाती गेले ते असे. त्यांनी त्यातून घेतले ते मुख्यतः एकच, की युद्ध हे राजकारणाचेच पुढचे पाऊल आहे. तरंगणे मात्र त्यांनी घेतले नाही. त्यांना उत्तर आधीच ठाऊक होते, आणि ज्याला उत्तर आधी ठाऊक असते त्याच्या हातात विरोधविकास हे विचाराचे हत्यार न राहता शिक्कामोर्तबाचे साधन होते. ही तक्रार आजची नव्हे आणि माझ्या एकट्याचीही नव्हे.

आता पुन्हा पन्हाळ्याकडे.

1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांचा वध झाला. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज त्याआधीच पन्हाळ्याहून वेष पालटून दक्षिणेत जिंजीकडे निघाले होते. राजा शेकडो मैल दूर, राजधानी नाही, खजिना नाही. महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन रामचंद्रपंतांवर सोपवलेला. ब्यूलोच्या गणिताने पाहिले तर युद्ध इथे संपले. तळच उरला नाही, मग कोन कशाचा मोजणार? पण युद्ध संपले नाही. ज्याच्याजवळ राखायला काही उरले नाही, त्याला धरायचे कुठे हेच मोगलांना कळेना. संताजी-धनाजींच्या फौजा आज इथे तर उद्या तिथे. मोगली सैन्य जिंजीपुढे जवळजवळ आठ वर्षे अडकून पडले आणि 1698 साली जिंजी हाती आली तेव्हा राजाराम महाराज निसटलेले होते.

मग बादशहाने स्वतः किल्ले घ्यायला सुरुवात केली. 1700 मध्ये सातारा आणि परळी, 1701 मध्ये पन्हाळा, 1702 मध्ये विशाळगड, पुढे सिंहगड, राजगड, तोरणा. 1701 साली इंग्रज वकील विल्यम नॉरिस बादशहाची भेट घ्यायला आला तो ह्या पन्हाळ्याच्या वेढ्याच्या छावणीतच. हिंदुस्थानचा सर्वाधीश दिल्ली-आग्रा सोडून आमच्या डोंगराच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या वयात, तंबूत बसलेला. त्या इंग्रजाला काय वाटले असेल! बादशहा किल्ला घेत होता, पण घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यात शिबंदी ठेवावी लागत होती, दाणागोटा पोचवावा लागत होता, आणि तो पुढच्या किल्ल्यापुढे बसला की मागचा पुन्हा मराठ्यांकडे जात होता. चढाई जितकी यशस्वी, तितकी ती दुबळी. क्लाउझेविट्झने नेपोलियनची रशियावरची 1812 ची स्वारी रशियन सैन्यात राहून पाहिली आणि सिद्धांत मांडला, की प्रत्येक चढाईला एक शिखर असते. ते ओलांडले की तीच चढाई आपल्या विरुद्ध फिरते. औरंगजेबाच्या बाबतीत ते शिखर नेमके कोणत्या वर्षी आले ह्यावर इतिहासकारांनी वाद घालावा. 1707 मध्ये तो अहमदनगरास वारला तेव्हा ते केव्हाच मागे पडले होते, एवढे नक्की.

हे सगळे ज्याने आतून पाहिले, त्याचे किल्ल्यांवरील प्रकरण ह्या जाणिवेने वाचावे. वरवर पाहता त्यात बांधकामाच्या सूचना आहेत. जागा निवडताना आधी पाणी पाहावे. एका पाण्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि खर्च तर वाढतो. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. दुसरा असावा, चोरदिंड्या असाव्यात. समोरचा डोंगर गडाच्या माऱ्यात यावा, नाहीतर तो फोडावा किंवा तटात घ्यावा. प्रत्येक वाक्यात पलीकडचा माणूस उभा आहे. झरा आटतो तो शत्रूच्या आणि आपल्या तोफांनी. दुसरा दरवाजा लागतो तो शत्रू पहिल्यापाशी बसला म्हणून. आमच्या अंगणातल्या किल्ल्याला एकच दरवाजा होता, हे मला नंतर जाणवले. किल्ला म्हणजे आसरा आणि किल्ला म्हणजे सापळा, ह्या दोन्ही गोष्टी अमात्यांना एकाच वेळी दिसत होत्या. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची जी गत झाली ती ह्या विचारापासून फार लांबची नव्हे; 1760 च्या नोव्हेंबरापासून 1761 च्या जानेवारीपर्यंत ती छावणी म्हणजे चोरदिंडी नसलेला किल्लाच होऊन बसली होती.

पण ‘आज्ञापत्रा’चा गाभा किल्ल्यांत नाही, वतनदारांवरील भागात आहे. अमात्यांची लेखणी तिथे तापते. हे देशमुख, देशकुलकर्णी, पाटील म्हणजे नुसते नोकर नव्हेत. स्वतंत्र लहानसे राजेच, राज्याचे दायाद. दुबळ्याला लुबाडून ते वाढतात. परचक्र आले की आपले वतन राखण्यासाठी आधी शत्रूला जाऊन भेटतात, वाट दाखवतात. म्हणून त्यांना अगदी सैल सोडू नये आणि अगदी मोडूनही टाकू नये. नवी वतने, नवे इनाम ह्यांबाबत तर त्यांचा कटाक्ष स्पष्ट आहे: भूमी देत गेले तर राज्य उरणार कशाचे?

हे लिहिणारा कोण, हे विसरून चालणार नाही. थोरल्या महाराजांनी फौजेला जमिनी तोडून देण्याचे शक्यतो टाळले, रोख वेतन दिले. पण 1689 नंतर रोख कुठून आणणार? मोगल बादशहा वतनाचे आमिष दाखवून सरदार फोडीत होता; त्याला शह द्यायचा तर आपल्यालाही तेच दाखवणे भाग होते. राजाराम महाराजांच्या 1691 मधील घोरपड्यांना दिलेल्या पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली, एकेक घेतल्यावर काय काय मिळेल ह्याची वाटणी आहे. दिल्लीचे नाव वाचून आपला ऊर भरून येतो, आणि यावाही. पण ते पत्र दुसऱ्या बाजूने वाचा: न जिंकलेल्या मुलखाची आधीच झालेली ती वाटणी आहे. इथले स्वातंत्र्ययुद्ध लढले गेले ते ह्या वाटणीच्या बळावर, आणि तिच्या कारभारात रामचंद्रपंत अग्रभागी होते. सत्ता वाटून टाकली म्हणूनच ती बादशहाला एका घावात मारता आली नाही. आणि वाटून टाकली म्हणूनच, शत्रू गेल्यावर, ती पुन्हा गोळा करता आली नाही. 1707 मध्ये शाहू महाराज सुटून आले, तेव्हा सातारा की कोल्हापूर ह्याचा निर्णय पुष्कळ सरदारांनी आपापल्या लाभाने केला. धनाजी जाधव गेले, पुढे कान्होजी आंग्रेही शाहूंकडे गेले. कालपर्यंत ज्या स्वातंत्र्याने मराठ्यांना वाचवले होते, तेच आता प्रत्येकाचे स्वतंत्र झाले.

म्हणून ‘आज्ञापत्रा’तली वतनदारांवरची टीका मला नीतीचा उपदेश वाटत नाही, ती कबुली वाटते, न लिहिलेली, पण स्पष्ट. ह्या माणसाने ज्या औषधाने रोगी वाचवला, त्याच औषधावर तो विष असा शिक्का मारतो आहे. आणि विसंगती इथेच थांबत नाही: स्वतः अमात्यांचे बावडा हेही जहागीरच, आणि ती त्यांच्या घराण्यात, कोल्हापूर संस्थानातील मानाच्या जहागिरींपैकी एक म्हणून, विसाव्या शतकापर्यंत चालली. ह्याला ढोंग म्हणावे काय? तरुणपणी मी तसेच म्हणत असे. आता म्हणवत नाही. 1689 मध्ये दुसरा मार्ग होता असे दाखवणारा मला अजून कोणी भेटलेला नाही. हेगेल असता तर त्याने ह्या विरोधातून वरची पायरी काढली असती, मराठी साम्राज्याचा विस्तार वगैरे दाखवून. अमात्य ती काढत नाहीत. राखावे पण मोडू नये, धरावे पण आवळू नये, अशा दोन टोकांच्या मध्येच ते राजाला उभे करतात. क्लाउझेविट्झचे तरंगणे ते हेच. फक्त ह्याच्या पायांखाली पाणी अधिक खोल होते, कारण क्लाउझेविट्झला आपले राज्य उद्या असेल की नाही असा प्रश्न 1815 नंतर पडत नव्हता.

वतनाच्या प्रश्नाला खरा हात घातला तो दोनशे वर्षांनी, आणि तो घालणारा आमच्या बावड्यात जन्मला होता. शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानात कुलकर्णी वतने आणि महार वतने रद्द केली. ती वतने वेगळी, काळ वेगळा, पाठीशी इंग्रजांची शांतता. अमात्यांशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण वतन म्हणजे मान असेच शिकवले गेलेल्या मुलखात, महारवतन ही एका अख्ख्या समाजाच्या पायातली बेडी आहे, हे शाहूंनी पाहिले. अमात्यांनी वतनात राज्याला धोका पाहिला होता, माणसाचे बंधन पाहिले नव्हते.

तसे म्हणताना मला ‘आज्ञापत्रा’तला तो प्रसिद्ध भाग आठवतो आणि मी थोडा थबकतो. आरमारासाठी लाकूड हवे. जंगलातला साग वगैरे परवानगीने तोडावा. आंबा-फणसही उपयोगी खरे, पण त्यांना हात लावू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी ती वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैका देऊन, मग तोडावे. युद्धावरील किती ग्रंथांत फणसाच्या झाडाचा धनी असा समोर येऊन उभा राहतो? क्लाउझेविट्झच्या आठ भागांत लोक आहेत. शस्त्र घेतलेल्या जनतेवर एक अध्यायही आहे. पण ते लोक तिथे शक्ती म्हणून येतात, धनी म्हणून नाही. अमात्यांच्या ह्या एका परिच्छेदात युद्धाची गरज आणि रयतेचा हक्क समोरासमोर येतात, आणि गरजेला सांगितले जाते, की थांब, आधी विचार. रयत बादशाही फौजांनी आणि आपल्याही फौजांनी किती नागवली, 1702 ते 1704 च्या दुष्काळ-रोगराईत दख्खनेत काय झाले, हे त्यांनी पाहिलेले होते. हा परिच्छेद हळवेपणाने लिहिलेला नाही.

मात्र एक माणूस दोन्ही ग्रंथांत मला सापडत नाही. तो म्हणजे साधा शिपाई. सेनापतीला नजरेचे स्वातंत्र्य, राजाला धोरणाचे, रयतेला निदान आपल्या फणसाचे. तटावर उभ्या असलेल्याला काय? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, आणि त्या डिव्हिजनची कूत येथे कोंडी होऊन 29 एप्रिल 1916 रोजी तिला शरण जावे लागले. पुढची कैद वेढ्याहून वाईट ठरली. युद्ध हे राजकारणाचे साधन, हे खरे. पण ते राजकारण लंडनचे होते, आणि बंदूक धरणारा हात सह्याद्रीच्या वाडीवस्तीवरचा. साधनाचेही साधन झालेल्या त्या माणसाला अपरिहार्यता ओळखण्याचे स्वातंत्र्य होते असे म्हणणे ही थट्टा होईल. ती त्याने पुरेपूर ओळखली असेल. उपासमारीत ओळखायला वेळ लागत नाही. विरोधविकासाचे तत्त्वज्ञान, जर्मन असो की रशियन, ह्या ठिकाणी येऊन मला अपुरे वाटते. इतिहासाचे चाक कसे फिरते ते हे तत्त्वज्ञान उत्तम सांगते. चाकाखाली आलेल्याला ते फिरण्याचा अर्थ समजावून सांगते, तेव्हा मात्र मला उठून जावेसे वाटते.

माझ्या ह्या सगळ्या वाचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेऊन ठेवतो. शंभर वर्षांनंतरच्या जर्मन पुस्तकाचा चष्मा लावून मराठी कागद वाचणे बरे काय? आपल्याकडे सगळे आधीच होते असे सिद्ध करण्याची खोड आपल्याला आहेच, आणि दिवाळी अंकांनी ती पोसली आहे. म्हणून सांगतो: अमात्यांपाशी विरोधविकासाचा सिद्धांत नव्हता. त्यांच्यापाशी पाणी, दरवाजे, वतनदार आणि झाडे होती. सिद्धांत नसताना त्यांची नजर तिथवर गेली, ह्याचे मला कौतुक आहे. आणि तिथून पुढे का गेली नाही, ह्याचे कारण त्यांच्या बुद्धीत नसून बावड्याच्या जहागिरीत शोधावे लागते, ह्याची थोडी खंतही आहे.

धाकट्याचा प्रश्न मी सोडवला नाही, त्यानेच सोडवला. कुंभाराकडे शत्रू विकत मिळत नाहीत, सगळे मावळेच. त्याने त्यांतला एक उचलला, त्याच्या पागोट्याला निळी शाई फासली आणि त्याला दरवाजाच्या आत, सिंहासनाच्या पायरीपाशी उभा केला. थोरल्याशी त्यावरून मारामारी झाली. भाऊबीज होऊन गेल्यावर हळीव पिवळे पडले, किल्ला पावसाने नव्हे तर मांजराने ढासळवला, आणि मावळे बुटाच्या खोक्यात भरून माळ्यावर गेले. ह्या वर्षी खोके उतरवले, तर निळा मावळा कोणता ते ओळखू येईना. पावसाळ्याच्या ओलीने सगळ्यांचेच रंग उतरले होते.